शीत-अनुकूलन प्रथिने (सूक्ष्मजीव)

शीत-अनुकूलन प्रथिने म्हणजे ज्यांच्या साहाय्याने जीवाणू, यीस्ट, सूक्ष्म शैवाले इत्यादी सूक्ष्मजीव कमी तापमानात तग धरतात, वाढतात व प्रजनन करतात अशी प्रथिने. ही प्रथिने एकाच कुळातील नाहीत. त्यांत आरएनएच्या गाठी सोडविणारी, पेशीपटल प्रवाही ठेवणारी, थंडीतही रासायनिक क्रिया चालविणारी, इतर प्रथिनांना योग्य आकार देणारी आणि बर्फाच्या स्फटिकांशी थेट संबंध असलेली अशी अनेक प्रकारची प्रथिने मोडतात. त्यांचे कार्य वेगवेगळे असले, तरी बहुतेकांचा उद्देश समान असतो : तापमान घटल्यावर ताठर होऊ लागलेल्या पेशीतील रेणूंची हालचाल चालू ठेवणे.

अशा प्रथिनांचा अभ्यास प्रामुख्याने अंटार्क्टिका, आर्क्टिक, हिमनद्या व खोल समुद्र येथील सूक्ष्मजीवांवर झाला असला, तरी ती केवळ ध्रुवीय प्रदेशापुरती मर्यादित नाहीत. मातीतील सामान्य जीवाणू, माणसाच्या आतड्यातील एश्चेरिशिया कोलाय आणि शीतकपाटातील दुधात वाढणारे जीवाणू यांच्यातही ती आढळतात. त्यामुळे धाराशिवसारख्या उष्ण व अवर्षणप्रवण जिल्ह्यातील दुग्धव्यवसाय व शेती यांच्याशीही या विषयाचा संबंध येतो.

थंडीचा पेशीवर होणारा परिणाम

तापमान उतरल्यावर पेशीपुढे प्रामुख्याने पुढील अडचणी उभ्या राहतात.

पहिली अडचण रासायनिक क्रियांच्या वेगाची. तापमान १० °से. ने घटले की बहुतेक जैवरासायनिक क्रियांचा वेग सुमारे निम्मा किंवा एकतृतीयांश होतो. ३७ °से. ला सुरळीत चालणारी चयापचयाची साखळी ० °से. च्या जवळ अत्यंत मंदावते.

दुसरी अडचण पेशीपटलाची. पेशीपटल हे मेदरेणूंचे बनलेले असते. हिवाळ्यात खोबरेल तेल थिजते, पण करडईचे तेल पातळच राहते. खोबरेलात संपृक्त मेदाम्ले अधिक असतात, तर करडईच्या तेलात असंपृक्त मेदाम्ले अधिक असतात. पेशीपटलाबाबतही हेच घडते. त्यातील मेदरेणू घट्ट रचले गेले की अन्नकणांची ने-आण करणारी पटलातील प्रथिने अडकून पडतात.

तिसरी अडचण आनुवंशिक माहितीच्या वाचनाची. प्रथिन तयार करण्याची सूचना वाहून नेणारा संदेशवाहक आरएनए हा एकपदरी असतो. थंडीत तो ठिकठिकाणी दुमडून स्वतःलाच चिकटतो आणि या घड्या आपोआप सुटत नाहीत. परिणामी रायबोसोमला संदेश वाचता येत नाही. स्वतः रायबोसोमची जुळणीही रेंगाळते.

चौथी अडचण बर्फाची. पाणी गोठताना आकारमानाने वाढते, स्फटिकांच्या टोकांमुळे पेशीला इजा होऊ शकते आणि पेशीबाहेरील पाणी गोठल्यास उरलेल्या द्रवातील क्षारांचे प्रमाण वाढून पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते.

सर्वसामान्य समजुतीनुसार थंडीचा मुख्य धोका गोठण्याचा असतो. प्रत्यक्षात यांपैकी पहिल्या तीन अडचणी पाणी गोठण्याच्या बऱ्याच आधी सुरू होतात. ए. कोलाय हा जीवाणू सुमारे ७ ते ८ °से. खाली वाढू शकत नाही, तेव्हा त्याच्या भोवतीचे पाणी द्रवरूपच असते.

शीतप्रिय व शीतसह सूक्ष्मजीव

० °से. तापमानात वाढणाऱ्या जीवाणूंची नोंद १८८७ मध्ये फॉर्स्टर यांनी केली. ते त्यांना थंडीत साठविलेल्या माशांवर आढळले होते. १९०२ मध्ये अशा जीवांसाठी ‘शीतप्रिय’ या अर्थाची संज्ञा रूढ झाली. १९७५ मध्ये रिचर्ड मोरिटा यांनी तिची काटेकोर व्याख्या केली. त्यानुसार ज्यांची उत्तम वाढ १५ °से. किंवा त्याहून कमी तापमानाला होते, जे २० °से. च्या वर वाढत नाहीत आणि ० °से. किंवा त्याखालीही वाढतात, ते शीतप्रिय होत. जे कमी तापमानात वाढू शकतात, पण ज्यांना अधिक ऊबदार तापमान मानवते, त्यांना शीतसह म्हणतात. माती व अन्नपदार्थांत शीतसह सूक्ष्मजीवच अधिक आढळतात.

आर्क्टिकमधील सागरी बर्फातून मिळालेला सायक्रोमोनास इन्ग्राहामी हा जीवाणू −१२ °से. ला, तर कॅनडाच्या उत्तरेकडील कायमगोठित मातीतील प्लॅनोकॉकस हॅलोक्रायोफिलस हा −१५ °से. ला वाढत असल्याचे प्रयोगशाळेत आढळले आहे. इतक्या कमी तापमानात क्षारांमुळे पाणी द्रवरूप राहते.

प्रमुख प्रकार

शीताघात प्रथिने

१९८७ मध्ये अमेरिकेतील जोन्स, व्हॅनबोगेलेन व नीडहार्ट यांनी ए. कोलायचे संवर्धन ३७ °से. वरून एकदम १० °से. वर आणले. पेशींची वाढ सुमारे ४ तास थांबली आणि नंतर मंद गतीने पुन्हा सुरू झाली. या खंडात बहुतेक प्रथिनांची निर्मिती घटली, मात्र काही मोजक्या प्रथिनांची वाढली. त्यांना शीताघात प्रथिने म्हणतात. १९९० मध्ये मासायोरी इनोये यांच्या गटाने त्यांतील प्रमुख प्रथिनाचे वर्णन केले. सीएसपीए या नावाने ओळखले जाणारे हे प्रथिन अवघ्या ७० ॲमिनो आम्लांचे असते. शीताघातानंतर पेशीतील नव्या प्रथिननिर्मितीपैकी सुमारे १३ टक्के वाटा त्याचा असल्याचे त्या वेळी नोंदले गेले.

सीएसपीए हे एकपदरी आरएनएला सैलपणे चिकटते व त्याला दुमडू देत नाही. ते आरएनए तोडत नाही किंवा कायमचे धरूनही ठेवत नाही. संदेश उलगडलेल्या स्थितीत राहतो व रायबोसोम तो वाचू शकतो. या कार्यामुळे त्याला आरएनएचे सहचर प्रथिन म्हणतात. बॅसिलस सटिलिस या मातीतील जीवाणूच्या सीएसपीबी या प्रथिनाची त्रिमितीय रचना १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. पाच पट्ट्यांनी बनलेल्या पिंपासारखी ही रचना या कुळातील प्रथिनांचे वैशिष्ट्य आहे. याच प्रकारचा भाग वनस्पती व प्राण्यांच्या काही प्रथिनांतही आढळतो, यावरून तो उत्क्रांतीच्या दृष्टीने अतिशय प्राचीन असावा असे मानले जाते.

ए. कोलायमध्ये या कुळातील नऊ प्रथिने आहेत. २००१ मध्ये त्यांपैकी चार प्रथिनांची जनुके एकाच वेळी काढून टाकण्यात आली. असे जीवाणू ३७ °से. ला वाढले, पण १५ °से. ला त्यांची वाढ खुंटली. एखादे जनुक गेल्यास त्याची उणीव भावंड-प्रथिने भरून काढतात, मात्र सगळी गेल्यास थंडीत जगणे अवघड होते, असे या प्रयोगातून स्पष्ट झाले.

पेशीला थंडी ‘कळते’ कशी, याचेही एक उत्तर याच जनुकात आहे. सीएसपीएचा संदेशवाहक आरएनए ३७ °से. ला काही सेकंदांतच नष्ट होतो. थंडीत मात्र त्याची घडी बदलते, तो २० मिनिटांहून अधिक काळ टिकतो आणि रायबोसोमला सहज वाचता येतो. ज्या थंडीमुळे इतर संदेश अवाचनीय होतात, तीच थंडी या संदेशाला वाचनीय करते. म्हणजे येथे आरएनएचा रेणू स्वतःच तापमापकाचे काम करतो.

आरएनए व डीएनए यांची देखभाल करणारी प्रथिने

आरएनएची पक्की झालेली दुपदरी घडी सोडविण्यासाठी ऊर्जा खर्च करणारी हेलिकेझ विकरे लागतात. ए. कोलायमधील सीएसडीए हे त्याचे उदाहरण होय. आरबीएफए हे प्रथिन थंडीत रायबोसोमच्या जुळणीस मदत करते. आरएनएझ आर व पीएनपीएझ ही विकरे निरुपयोगी आरएनएची विल्हेवाट लावतात. कमी तापमानात डीएनएच्या प्रतिकरणात अडथळे येऊन त्याचे तुकडे पडण्याची शक्यता वाढते, म्हणून डीएनए दुरुस्त करणारी प्रथिनेही महत्त्वाची ठरतात.

पेशीपटल प्रवाही ठेवणारी प्रथिने

मेदाम्लांच्या साखळीत दुहेरी बंध निर्माण करून त्यांना असंपृक्त करणाऱ्या विकरांना डीसॅच्युरेझ म्हणतात. दुहेरी बंधामुळे साखळीला बाक येतो, रेणू घट्ट रचले जात नाहीत आणि पटल प्रवाही राहते. बॅसिलस सटिलिसमध्ये डीईएसके हे पटलातच रुतलेले प्रथिन पटलाची स्थिती ओळखते व डीसॅच्युरेझचे जनुक सुरू करण्याचा संदेश देते. पटल पुरेसे सैल झाले की हा संदेश थांबतो.

शीतसक्रिय विकरे

शीतप्रिय जीवांची विकरे कमी तापमानातही पुरेशा वेगाने काम करतात, कारण त्यांची रचना, विशेषतः क्रियास्थळाच्या आसपास, अधिक लवचीक असते. रचना आवळून धरणारे अंतर्गत बंध त्यांत कमी असतात. या लवचीकतेची किंमत म्हणजे उष्णतेपुढील दुर्बलता : अनेक शीतसक्रिय विकरे सौम्य तापमानालाच निष्क्रिय होतात. अंटार्क्टिकातील स्यूडोअल्टेरोमोनास हॅलोप्लँक्टिस या जीवाणूचे अमायलेझ हे या प्रकारातील सर्वाधिक अभ्यासले गेलेले विकर आहे. मात्र हा नियम सार्वत्रिक नाही. थंडीत वाढणाऱ्या काही जीवाणूंची पेशीबाहेर सोडली जाणारी विकरे उष्णतेतही टिकून राहतात.

घडी घालणारी साहाय्यक प्रथिने

नव्याने तयार झालेल्या प्रथिनाला योग्य आकार मिळण्यासाठी चॅपरोनिन या साहाय्यक प्रथिनांची गरज असते. २००३ मध्ये ऑलेइस्पिरा अंटार्क्टिका या जीवाणूची दोन चॅपरोनिन प्रथिने ए. कोलायमध्ये घालण्यात आली. एरवी ७ ते ८ °से. ला वाढ थांबणारा हा जीवाणू ४ °से. च्या खालीही वाढू लागला. सूक्ष्मजीवाची वाढ कोणत्या तापमानाला थांबते हे काही वेळा मोजक्या प्रथिनांवर अवलंबून असते, हे या प्रयोगाने दाखविले.

हिमबंधक व हिमकेंद्रक प्रथिने

हिमबंधक प्रथिने बर्फाच्या स्फटिकाच्या पृष्ठभागाला चिकटून त्याची वाढ रोखतात. अशी प्रथिने प्रथम १९६० च्या दशकात अंटार्क्टिकातील माशांच्या रक्तात आढळली, नंतर ती जीवाणू, बुरशी व शैवालांतही सापडली. अंटार्क्टिकातील एस सरोवरातून मिळालेल्या मॅरिनोमोनास प्रायमोरिएन्सिस या जीवाणूचे असे प्रथिन प्रचंड मोठे असून त्याच्या टोकाजवळचा केवळ एक भाग बर्फाला चिकटतो. या प्रथिनाचा उपयोग नांगरासारखा होतो. त्याच्या आधारे जीवाणू सरोवरावरील बर्फाच्या खालच्या बाजूस, म्हणजे प्रकाश व ऑक्सिजन अधिक असलेल्या थरात टिकून राहतो.

हिमकेंद्रक प्रथिनांचे कार्य याच्या उलट असते. शुद्ध पाण्याचे सूक्ष्म थेंब सुमारे −३८ °से. पर्यंत न गोठता राहू शकतात. स्यूडोमोनास सिरिंजी या वनस्पतींवर राहणाऱ्या जीवाणूच्या बाह्यपटलावरील प्रथिने पाण्याच्या रेणूंना बर्फासारखी मांडणी देतात, त्यामुळे पाणी −२ °से. च्या आसपासच गोठू लागते. पानांच्या पेशी फुटून जीवाणूला अन्नद्रव्ये मिळतात आणि शेतकऱ्याच्या पिकाला हिमबाधा होते. हे जनुक काढून टाकलेल्या जीवाणूंची कॅलिफोर्नियात १९८७ मध्ये पिकांवर चाचणी घेण्यात आली. जनुकीय बदल केलेले जीवाणू अधिकृत परवानगीने खुल्या वातावरणात सोडण्याची ती पहिली घटना होती.

भारतातील संशोधन

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम सागरवैज्ञानिक सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर पोहोचली. पुढे दक्षिण गंगोत्री, १९८९ मध्ये शिरमाकर ओअॅसिस या बर्फमुक्त भागातील मैत्री व २०१२ मध्ये भारती ही केंद्रे उभारली गेली. आर्क्टिकमधील हिमाद्री केंद्र २००८ पासून कार्यरत आहे. या केंद्रांचे व्यवस्थापन गोव्यातील वास्को-द-गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे.

मोहिमांतून आणलेल्या माती, पाणी व शैवालाच्या थरांतून हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्रातील एस. शिवाजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक नव्या जीवाणू-जातींचे वर्णन केले. शिरमाकर ओअॅसिसच्या मातीतील स्फिंगोबॅक्टेरियम अंटार्क्टिकस (१९९२) ही त्यांतील एक सुरुवातीची जाती होय. प्लॅनोकॉकस मैत्रिएन्सिस व आर्थ्रोबॅक्टर गंगोत्रिएन्सिस या जातींना भारतीय केंद्रांवरून नावे दिली आहेत. हिमालयातील रूपकुंड परिसरातून मिळालेल्या एका जातीचे नाव क्रायोबॅक्टेरियम रूपकुंडेन्स असे आहे.

याच संस्थेत एम. के. रे यांच्या गटाने अंटार्क्टिकातील स्यूडोमोनास सिरिंजीच्या एलझेड४डब्ल्यू या वाणाचा दीर्घकाळ अभ्यास केला. या वाणात आरएनएची विल्हेवाट लावणाऱ्या प्रथिनसमूहात आरएनएझ आर हे विकर समाविष्ट असल्याचे २००५ मध्ये दिसून आले. ए. कोलायमधील अशा समूहात त्याऐवजी पीएनपीएझ असते. आरएनएझ आरचे जनुक बंद केल्यास हा जीवाणू कमी तापमानात वाढत नाही. डीएनए दुरुस्त करणाऱ्या आरईसीबीसीडी या प्रथिनसमूहाबाबतही २०१० मध्ये तोच निष्कर्ष निघाला. थंडीत जगण्यासाठी केवळ ‘थंडीची खास’ प्रथिने पुरत नाहीत, सर्व जीवाणूंत असणारी देखभालीची प्रथिनेही तितकीच निर्णायक ठरतात, ही बाब या कामातून अधोरेखित झाली.

अन्नसाठवण व शेती

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्हा बालाघाट डोंगररांगेच्या परिसरात असून तेथे उन्हाळ्यात तापमान ४० °से. च्या वर जाते. येथील शेतीला दुग्धव्यवसायाची जोड आहे. भूम तालुका व परिसर खव्यासाठी प्रसिद्ध आहे. उष्ण प्रदेशात दूध टिकविण्यासाठी ते काढल्यानंतर लवकरात लवकर ४ °से. च्या आसपास थंड करावे लागते. यामुळे दूध नासविणाऱ्या बहुतेक जीवाणूंची वाढ जवळपास थांबते, परंतु शीतसह जीवाणूंची थांबत नाही. प्रतिस्पर्धी मागे पडल्याने स्यूडोमोनास प्रजातीचे जीवाणू थंड दुधात हळूहळू वरचढ होतात.

हे जीवाणू पाश्चरीकरणात मरतात. मात्र त्यांनी दुधात सोडलेली मेद व प्रथिने विघटित करणारी काही विकरे पाश्चरीकरणात, तसेच अतिउच्च तापमान प्रक्रियेतही काही अंशी टिकतात. अशा दुधाला किंवा त्यापासून केलेल्या पदार्थांना पुढे खवट वास वा कडवट चव येऊ शकते. म्हणून थंड करणे हा स्वच्छतेला पर्याय ठरत नाही. धारा काढताना कासेची व भांड्यांची स्वच्छता राखणे आणि थंड दूधही फार काळ न साठविणे आवश्यक असते.

आरोग्याच्या दृष्टीने लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस हा जीवाणू विशेष महत्त्वाचा आहे. तो शीतकपाटाच्या तापमानात वाढतो. त्याच्यात तीन शीताघात प्रथिने असून पेशीचे रक्षण करणारी ग्लायसीन बीटेन व कार्निटीन ही द्रव्ये भोवतालातून शोषून घेणारी वाहक प्रथिनेही असतात. गर्भवती, नवजात बालके, वृद्ध व प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींना त्याचा संसर्ग गंभीर ठरू शकतो. पाश्चरीकरणाने हा जीवाणू नष्ट होतो, म्हणून कच्चे दूध केवळ शीतकपाटात ठेवल्याने सुरक्षित होत नाही. ते उकळणे किंवा पाश्चरीकृत करणे गरजेचे असते.

जिल्ह्यात द्राक्षाचेही पीक घेतले जाते. शीतगृहात साठविलेल्या द्राक्षांवर येणारी बोट्रायटिस ही बुरशी ० °से. च्या आसपासही वाढू शकते. त्यामुळे साठवणीत थंडीच्या जोडीला सल्फर डायऑक्साइड सोडणाऱ्या कागदांचा वापर करतात.

शीताघात प्रथिनांचा संबंध अवर्षणाशीही जोडला गेला आहे. पाण्याच्या ताणातही वनस्पतीच्या पेशीतील आरएनए व प्रथिननिर्मिती विस्कळीत होते. बॅसिलस सटिलिसच्या सीएसपीबीचे जनुक मक्यात घातल्यास पाण्याचा ताण असताना उत्पादनातील घट कमी होते, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदले गेले. अशा मक्याला अमेरिकेत २०११ मध्ये लागवडीची परवानगी मिळाली. हा लाभ मध्यम स्वरूपाच्या ताणापुरता असतो. तीव्र दुष्काळात हे जनुक पाण्याची जागा घेऊ शकत नाही. भारतात या मक्याची व्यावसायिक लागवड होत नाही. मूळ जीवाणू मात्र जगभरातील मातीत सर्रास आढळणारा आहे.

इतर उपयोग

शीतसक्रिय प्रथिनविघटक व मेदविघटक विकरे थंड पाण्यात कपडे धुण्याच्या पावडरीत वापरली जातात. त्यामुळे पाणी तापविण्यासाठी लागणारी ऊर्जा वाचते. दूध थंड असतानाच त्यातील दुग्धशर्करा विघटित करणारी विकरे, तसेच काम संपल्यावर सौम्य उष्णतेने निष्क्रिय करता येणारी प्रयोगशाळेतील विकरे हीदेखील उपयुक्त ठरली आहेत. सीएसपीए जनुकाच्या नियंत्रक भागाचा उपयोग करून १५ °से. ला हवे ते प्रथिन तयार करून घेता येते. नेहमीच्या तापमानाला चुकीची घडी पडून साकळणारी प्रथिने मिळविण्यासाठी ही पद्धत वापरतात. हिमकेंद्रक प्रथिने असलेले मृत जीवाणू कृत्रिम बर्फवृष्टीसाठी, तर हिमबंधक प्रथिन आइस्क्रीममध्ये मोठे स्फटिक होऊ नयेत म्हणून वापरले जाते.

पर्यावरणीय महत्त्व

महासागरातील बहुतांश पाणी ५ °से. पेक्षा थंड आहे. तेथील व कायमगोठित मातीतील सेंद्रिय पदार्थांचे विघटन शीतप्रिय व शीतसह सूक्ष्मजीवच करतात. कायमगोठित माती वितळल्यास या सूक्ष्मजीवांची क्रियाशीलता वाढून कार्बन डायऑक्साइड व मिथेन वातावरणात मिसळतात व तापमानवाढीस हातभार लागतो. दुसरीकडे, शीतप्रिय जीवांची प्रथिने लवचीकतेच्या बदल्यात उष्णता सहन करण्याची क्षमता गमावून बसलेली असल्याने ऊबदार होणाऱ्या अधिवासात त्यांची जागा शीतसह जाती घेण्याची शक्यता असते. ध्रुवीय व हिमालयीन नमुने जतन करून त्यांतील सूक्ष्मजीवांचा अभ्यास करण्याचे महत्त्व यामुळे वाढले आहे.